वाट पाहावी कशी?

वाट पाहणे ही शिकण्याची गोष्ट आहे असे कोणी सांगितले, तर तुम्ही हसाल. एसटीची वाट पाहावी, पावसाची वाट पाहावी, निकालाची वाट पाहावी. त्यात शिकायचे ते काय? परंतु संगणकाला नीट वाट पाहायला शिकवणे हे काम वाटते तितके सोपे नाही. त्यावर मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे विचार केला आहे. तुमच्या घरच्या मोबाइलची बॅटरी रात्रीपर्यंत पुरते की दुपारीच मान टाकते, हेदेखील काही अंशी त्यातील आज्ञावल्या वाट कशी पाहतात यावर अवलंबून असते. आणि चुकीच्या पद्धतीने वाट पाहिली, तर संगणक कायमचा अडकून बसतो.

संगणकाच्या पेटीत शिरण्याआधी आपण जालन्याच्या एमआयडीसीत एक फेरफटका मारू. तेथील एका कारखान्यात आपल्याला हा सारा प्रश्न उघड्या डोळ्यांनी पाहता येईल.

भट्टी, थप्पी आणि मिल

जालना दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे: बियाणे आणि पोलाद. एमआयडीसीतील पोलादाच्या कारखान्यांत ट्रक भरभरून भंगार लोखंड येते. विजेच्या इंडक्शन भट्टीत सुमारे १६०० अंश सेल्सिअस तापमानाला ते वितळवतात. हा रस ओतून चौकोनी छेदाच्या लांब कांड्या तयार करतात. त्यांना बिलेट म्हणतात. पुढे रोलिंग मिलमध्ये लाल तापलेले बिलेट फिरत्या रुळांमधून दाबत दाबत नेले, की त्याची लांबच लांब सळई होते. आपल्या घरांच्या स्लॅबमध्ये असते ती हीच सळई.

काही कारखान्यांत बिलेट गरम असतानाच थेट मिलकडे पाठवतात. त्यामुळे पुन्हा तापवण्याचे इंधन वाचते. आपण मात्र असा एक कारखाना कल्पू, की जेथे भट्टीवाले बिलेटांची थप्पी लावतात आणि मिलवाले त्या थप्पीतून बिलेट उचलतात. दोघांची गती सारखी नाही. भट्टीतील एका वेळचा रस, म्हणजे एक 'हीट', तयार व्हायला बराच वेळ लागतो. मग थोड्या वेळात अनेक बिलेटे बाहेर पडतात. मिलला मात्र एकामागून एक बिलेट हवे असते. साहजिकच मिलवाल्यांवर कधी तरी थप्पी रिकामी असल्याचे पाहून थांबण्याची पाळी येणार.

मिलवाल्यांनी थांबावे कसे? पहिला मार्ग असा, की एका कामगाराने थप्पीपाशी उभे राहून सारखे विचारत राहावे: "आलं का बिलेट?" "नाही." "आलं का?" "नाही." "आता?" "अहो, नाही!" या माणसाचे पाय दुखतात, घसा कोरडा पडतो, त्याच्या हातून दुसरे कोणतेही काम होत नाही आणि बिलेट काही त्यामुळे लवकर येत नाही.

संगणकातील कामगार

आता संगणकाकडे वळू. आज्ञावली म्हणजे एकामागून एक करावयाच्या आज्ञांची यादी, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण आजच्या बहुतेक आज्ञावल्या एकाच वेळी अनेक कामे करतात. मोबाइलवर तुम्ही चलचित्र पाहता तेव्हा एक काम नेटवर्कवरून माहिती आणत असते, दुसरे त्या माहितीचे चित्र बनवत असते, तिसरे आवाज ऐकवत असते. अशा प्रत्येक कामाच्या आज्ञांच्या ओघाला थ्रेड म्हणतात. थ्रेड म्हणजे शब्दशः धागा. एका वस्त्रात अनेक धागे असावेत, तसे एका आज्ञावलीत अनेक थ्रेड असतात आणि ते सर्व एकच स्मृती वापरतात. आपल्या कारखान्याच्या भाषेत सांगायचे तर थ्रेड म्हणजे कामगार आणि स्मृती म्हणजे सर्वांचे सामायिक अंगण.

हे काम प्रत्यक्ष करतो तो प्रोसेसर. त्यात चार, आठ किंवा अधिक गाभे असतात आणि साधारणपणे एक गाभा एका क्षणी एकाच थ्रेडचे काम करतो. थ्रेड मात्र शेकड्यांनी असतात. कोणत्या थ्रेडला केव्हा गाभा द्यायचा, हे ऑपरेटिंग सिस्टिम नावाची मूळ आज्ञावली ठरवते. या लेखापुरते आपण तिला 'कारभारी' म्हणू.

चित्र बनवणाऱ्या थ्रेडला माहिती येईपर्यंत थांबावे लागते. तो जर मघाच्या कामगाराप्रमाणे 'आली का, आली का' असे विचारत राहिला, तर काय होईल? थोडे गणित करू. आजचा प्रोसेसर सेकंदाला सुमारे ३ अब्ज ठोक्यांनी चालतो. एकदा विचारायला १० ठोके लागतात असे धरले, तर एका सेकंदात ३० कोटी वेळा प्रश्न विचारला जाईल! त्यांपैकी शेवटचा प्रश्न तेवढा उपयोगी; बाकीचे सगळे वाया. तेवढा वेळ तो गाभा दुसऱ्या थ्रेडला मिळत नाही, प्रोसेसर तापतो आणि बॅटरी उतरते. असे पुन्हा पुन्हा विचारत राहण्याला पोलिंग म्हणतात.

यावर एक मधला मार्ग सुचतो. सारखे न विचारता थोडी डुलकी घ्यावी, मग विचारावे, पुन्हा डुलकी घ्यावी. समजा सेकंदाला १० वेळा विचारले. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे दिवसात ८,६४,००० प्रश्न. बिलेटांचा एक गट दर १० मिनिटांनी येतो असे मानले, तर दिवसात १४४ गट. भागाकार करून पाहा: प्रत्येक गटामागे ६,००० प्रश्न! शिवाय डुलकी लागलेली असतानाच बिलेट आले, तर उशीर होणार तो वेगळाच. डुलकी लांबवली तर उशीर वाढतो, कमी केली तर प्रश्न वाढतात. इकडे आड, तिकडे विहीर.

तात्पर्य, किती वेळाने विचारायचे हा प्रश्नच चुकीचा आहे. बिलेट केव्हा येणार हे मिलवाल्याला ठाऊक नाही. पण ते आले हे भट्टीवाल्याला त्याच क्षणी ठाऊक असते, कारण त्यानेच ते ठेवलेले असते! मग मिलवाल्याने खुशाल झोपावे आणि भट्टीवाल्याने बिलेट ठेवले, की त्याला हाक मारावी. ज्याच्या हातून परिस्थिती बदलते, त्यानेच वाट पाहणाऱ्याला उठवायचे. आपल्या विषयाचे मर्म हेच आहे.

संगणकात हे असे घडते. थ्रेड कारभाऱ्याला सांगतो, "मला अमुक गोष्ट हवी आहे, ती होईपर्यंत मी झोपतो." कारभारी त्याचे नाव तयार थ्रेडच्या रांगेतून काढून प्रतीक्षेच्या रांगेत लिहितो. या रांगेतील थ्रेडला गाभ्याचा एक ठोकाही दिला जात नाही. दुसऱ्या थ्रेडने हाक दिली, की कारभारी त्याचे नाव पुन्हा तयार रांगेत घालतो. वाट पाहण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर येतो.

हरवलेली हाक

प्रश्न सुटला असे तुम्हाला वाटले असेल. पण खरी मेख पुढेच आहे.

आपल्या कारखान्यातील हा प्रसंग डोळ्यांपुढे आणा. मिलवाला थप्पीपाशी गेला. थप्पी रिकामी होती. "बरं तर, झोपतो," असे म्हणून तो आपल्या खोलीकडे निघाला. तो वाटेत असतानाच भट्टीवाल्याने बिलेट आणून ठेवले आणि खोलीच्या दिशेने तोंड करून हाक दिली, "आलं हो!" खोलीत कोणीच नव्हते. हाक हवेत विरली. भट्टीवाला आपले कर्तव्य झाले म्हणून निघून गेला. नंतर मिलवाला खोलीत पोहोचला आणि निवांत झोपला. आता बिलेट थप्पीत पडून थंड होत आहे आणि मिलवाला त्याच बिलेटाची वाट पाहत झोपला आहे. त्याला कोणीही उठवणार नाही, कारण हाक तर देऊन झाली!

यात चूक कोणाची? मिलवाल्याने नीट पाहिले होते. भट्टीवाल्याने हाक दिली होती. दोघेही आपापल्या परीने बरोबर वागले, तरी काम अडले. घोटाळा झाला तो 'पाहणे' आणि 'झोपणे' या दोन क्रियांच्या मधल्या फटीत. संगणकात ही फट सेकंदाच्या अब्जांश भागाएवढी असू शकते. हजार वेळा आज्ञावली बरोबर चालते आणि हजार एकाव्या वेळी अडकते. पुन्हा चालू करावी तर सुरळीत चालते! अशी चूक शोधणाऱ्याच्या तोंडाला फेस येतो. ध्यानात घ्या, पोलिंग करणाऱ्याला हा धोका नव्हता. तो खर्चिक होता, पण त्याची हाक हरवत नव्हती, कारण तो हाकेवर विसंबूनच नव्हता. झोपून वाट पाहायची तर ती फट बुजवलीच पाहिजे.

खांबावरचा हात

ही फट बुजवण्याची एक सुरेख युक्ती एड्सगर डायक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने १९६० नंतरच्या दशकात काढली. आइंडहोवेन येथील तंत्र विद्यापीठात त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी एक ऑपरेटिंग सिस्टिम तयार केली. तिचे वर्णन १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात या युक्तीचा मुक्त वापर होता. तिला त्याने रेल्वेतील एक नाव दिले: सेमाफोर.

जालन्यावरून मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग जातो. पूर्वी आपल्याकडील स्टेशनांबाहेर उंच खांबावर हात असलेले सिग्नल असत. हात आडवा असला, की गाडीने थांबायचे. हात खाली पडला, की पुढे यायचे. घरातील वडीलधारी माणसे अजून 'सिग्नल पडला' असे म्हणतात, ते या हातावरून. असा हाताचा सिग्नल म्हणजे सेमाफोर. त्याचे वैशिष्ट्य असे, की गाडी उशिरा आली तरी खांबावरचा हात पडलेलाच राहतो. हाक हवेत विरते. हात विरत नाही.

डायक्स्ट्राचा सेमाफोर म्हणजे एक आकडा आणि एक रांग. आपण भिंतीवर एक खुंटी ठोकू. भट्टीवाल्याने प्रत्येक बिलेट ठेवल्यावर खुंटीला एक बिल्ला अडकवायचा. मिलवाल्याने खुंटीपाशी यायचे. बिल्ला असला, तर तो काढून घेऊन एक बिलेट उचलायचे. बिल्ला नसला, तर शेजारच्या पाटीवर नाव लिहून झोपायचे. भट्टीवाल्याला पाटीवर नाव दिसले, तर त्याने बिल्ला खुंटीला न अडकवता त्या माणसाला उठवून त्याच्या हातात द्यायचा. मात्र एक अट आहे: खुंटीपाशी एका वेळी एकच जण. 'बिल्ला पाहणे आणि नाव लिहिणे' ही एकच अखंड क्रिया. तिच्या मध्ये दुसऱ्याने घुसायचे नाही.

आता हाक हरवेल का? मिलवाला येण्याआधी बिलेट आले, तर बिल्ला खुंटीवर वाट पाहत असेल. मिलवाला आधी आला, तर त्याचे नाव पाटीवर असेल. तिसरी शक्यताच नाही. फट बुजली!

एवढेच नव्हे. थप्पीत समजा २० बिलेटांपुरतीच जागा आहे. मग थप्पी भरल्यावर भट्टीवाल्यालाही थांबावे लागेल. त्यासाठी दुसरी खुंटी ठोका आणि तिला आरंभी २० बिल्ले अडकवा. हे मोकळ्या जागेचे बिल्ले. भट्टीवाल्याने बिलेट ठेवण्याआधी या खुंटीवरून एक बिल्ला घ्यायचा आणि मिलवाल्याने बिलेट उचलल्यावर तेथे एक परत अडकवायचा. दोन खुंट्यांत दोघांचीही सोय झाली आणि कोणालाही सारखे विचारत बसावे लागले नाही.

जोपर्यंत, तोपर्यंत

खुंटीला मोजता येते, पण विचार करता येत नाही. समजा मिल सुरू करायला किमान ५ बिलेटे हवीत, आणि शिवाय तापलेली सळई झपाट्याने थंड करण्यासाठी पाण्याची टाकीही भरलेली हवी. जालन्यात पाण्याची टंचाई काय असते, हे तेथील वाचकांना सांगायला नको. अशी दुहेरी अट एका आकड्यात मावत नाही. यासाठी १९७० नंतरच्या दशकात पेर ब्रिंच हॅन्सन आणि टोनी होर या शास्त्रज्ञांनी 'मॉनिटर' ही कल्पना विकसित केली. होर यांचा यावरचा गाजलेला निबंध १९७४ चा आहे.

या पद्धतीत अंगणाला एक कुलूप असते. थप्पीकडे किंवा टाकीकडे पाहायचे असो वा तेथे काही बदलायचे असो, आधी कुलूप आपल्या ताब्यात घ्यायचे. मिलवाल्याच्या थ्रेडसाठी आज्ञा अशा लिहितात:

१. कुलूप घे.
२. जोपर्यंत बिलेटे ५ पेक्षा कमी आहेत किंवा टाकी रिकामी आहे, तोपर्यंत कुलूप सोडून झोप.
३. ५ बिलेटे उचल.
४. कुलूप सोड.

आणि भट्टीवाल्याच्या थ्रेडसाठी:

१. कुलूप घे.
२. बिलेट ठेव.
३. हाक दे.
४. कुलूप सोड.

पाणी भरणाऱ्यासाठीही आज्ञा अशाच. फक्त दुसऱ्या ओळीत 'टाकी भर'. यात तीन गोष्टी नीट पाहण्यासारख्या आहेत.

पहिली, 'कुलूप सोडून झोप' ही एकच आज्ञा आहे. कुलूप सोडणे आणि झोपलेल्यांच्या यादीत नाव लागणे, या दोहोंच्या मध्ये कोणालाही हाक देता येणार नाही, याची हमी कारभारी घेतो. मिलवाला पाहत असतो तेव्हा कुलूप त्याच्याकडे असते, म्हणून भट्टीवाला बिलेट ठेवू शकत नाही. आणि कुलूप सुटते तेव्हा मिलवाल्याचे नाव यादीत लागलेले असते. हरवलेल्या हाकेची फट येथेही बुजली. जाग आल्यावर थ्रेडला आधी कुलूप पुन्हा मिळवावे लागते आणि मगच तो पुढे जातो.

दुसरी गोष्ट, 'जर' असे न लिहिता 'जोपर्यंत' असे लिहिले आहे. उठल्यावर मिलवाल्याने पुन्हा एकदा अट तपासायची. का बरे? हाक आली तेव्हा बिलेटे ५ होती हे खरे. पण हा डोळे चोळत येईपर्यंत शेजारच्या दुसऱ्या मिलवाल्याने ती उचलली असतील! किंवा बिलेटे झाली असतील, पण टाकी अजून भरली नसेल. शिवाय काही वेळा कोणीही हाक न देता थ्रेडला जाग येऊ शकते. बऱ्याच प्रणालींचे नियमच तशी मुभा ठेवतात. होर यांच्या मूळ योजनेत हाक येताच झोपलेल्यालाच आधी आत घेत, त्यामुळे पुन्हा तपासण्याची गरज नव्हती. परंतु झेरॉक्स कंपनीत तयार झालेल्या मेसा नावाच्या संगणकभाषेत हाकेला फक्त सूचना मानले गेले. तो अनुभव लॅम्पसन आणि रेडेल यांनी १९८० मध्ये मांडला आणि पुढे जावासारख्या भाषांनी तीच रीत उचलली. म्हणून लक्षात ठेवा: हाक म्हणजे 'बिलेट तुझेच' असे वचन नव्हे, हाक म्हणजे 'एकदा येऊन पाहा' एवढाच निरोप.

तिसरी गोष्ट, हाक कोणाला द्यायची? झोपलेल्यांपैकी कोणाही एकाला, की सर्वांना? एकच बिलेट आले आणि दहा मिलवाले उठवले, तर दहाही धावत येतील, एकाला बिलेट मिळेल आणि नऊ जण चरफडत परत झोपतील. नऊ झोपा फुकट मोडल्या. पण झोपलेले सारे जण वेगवेगळ्या अटींची वाट पाहत असतील, तर एकालाच उठवण्यात धोका आहे. चुकीचा माणूस उठेल, तो पाहून परत झोपेल, आणि ज्याला उठायला हवे होते तो झोपलेलाच राहील. अशा वेळी सर्वांना उठवणे शहाणपणाचे. पुन्हा तपासण्याची सवय असल्यामुळे जास्त उठवल्याने फक्त खर्च वाढतो. कमी उठवल्याने मात्र काम अडते.

शेवटी कोणीतरी पाहतच असते ना?

एखादा चौकस विद्यार्थी म्हणेल, "मिलवाला झोपला, त्याला कारभारी उठवणार. पण नेटवर्कवरून माहिती आली हे कारभाऱ्याला कोण सांगणार? तोही एक आज्ञावलीच ना? मग तो तरी सारखा पाहत असेल!" प्रश्न रास्त आहे. उत्तर असे, की तेथे आज्ञावलीचे काम संपते आणि तारेचे सुरू होते. नेटवर्कचे उपकरण प्रोसेसरला एक विद्युत् संदेश पाठवते. त्याला इंटरप्ट म्हणतात. दाराच्या घंटीसारखाच हा प्रकार. प्रोसेसरच्या आतील मंडलाचे या घंटीकडे आपोआप लक्ष असते. त्यासाठी वेगळी आज्ञा खर्च होत नाही. कोणत्याच थ्रेडला काम नसेल, तर कारभारी गाभ्याला थांबण्याची आज्ञा देतो आणि गाभा घंटी वाजेपर्यंत अगदी थोड्या विजेवर पडून राहतो. तुमचा मोबाइल खिशात असताना त्याची बॅटरी टिकते, ती मुख्यतः या झोपेमुळे. एखादी उतावळी आज्ञावली दर क्षणाला 'आले का?' असे विचारू लागली, की ही झोप मोडते.

मग पोलिंग नेहमीच वाईट का?

नाही. जालन्याच्या मिलमध्येच उलटे उदाहरण सापडते. आधुनिक मिलमधील यंत्रे पीएलसी नावाच्या नियंत्रकावर चालतात. तो ठरलेल्या चक्राने सर्व संवेदकांकडे पाहतो, काय करायचे ते ठरवतो, यंत्रांना आज्ञा देतो आणि पुन्हा पाहतो. म्हणजे चक्क पोलिंग करतो. समजा सळई सेकंदाला १० मीटर वेगाने धावत आहे आणि चक्र ५ मिलिसेकंदांचे आहे. तर एका चक्रात सळई फक्त ५ सेंटिमीटर पुढे जाते. किती उशीर होऊ शकतो हे येथे आधीच सांगता येते, आणि धावत्या लाल सळईच्या बाबतीत ते फार मोलाचे असते. शिवाय त्या नियंत्रकाला दुसरे कामच नाही. मग त्याने झोपून कोणाचा वेळ वाचवायचा?

दुसरे उदाहरण अगदी अल्प प्रतीक्षेचे. झोपणे आणि उठणे हेही फुकट नाही. कारभाऱ्याला रांगा बदलाव्या लागतात आणि त्यात काही मायक्रोसेकंद जाऊ शकतात. एका मायक्रोसेकंदात ३ अब्ज ठोक्यांचा प्रोसेसर ३,००० ठोके टाकतो. हवी ती गोष्ट शंभर ठोक्यांत होणार असेल, तर अंथरूण घालण्यापेक्षा उभ्याउभ्या थांबणे बरे. म्हणून अनेक प्रणालींत थ्रेड आधी क्षणभर विचारून पाहतो आणि तेवढ्यात काम झाले नाही, तरच झोपतो.

हाक देणाराच झोपला तर?

झोपून वाट पाहणारा पूर्णपणे हाक देणाऱ्यावर विसंबून असतो. तो विश्वास फसला तर काय होते, हे १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेत दिसले. ओहायो राज्यातील एका वीजकंपनीच्या नियंत्रण कक्षात बिघाड झाला, की इशारा देणारी आज्ञावली होती. दुपारी सव्वादोनच्या सुमारास ती बंद पडली. दोन कामांनी एकाच माहितीवर एकाच वेळी लिहिले. कुलपाने जे टाळायचे, नेमके तेच घडले. त्यामुळे इशाऱ्याची आज्ञावली अंतहीन फेऱ्यांत अडकली. इकडे झाडांना लागून विजेच्या तारा एकामागून एक बंद पडत होत्या. पण कक्षातील माणसे निर्धास्त होती, कारण इशारा आला नव्हता! चार वाजून गेल्यावर अमेरिका व कॅनडातील मोठ्या प्रदेशाची वीज गेली आणि सुमारे ५ कोटी लोक अंधारात सापडले. या संकटाला इतरही कारणे होती, परंतु 'हाक आली नाही म्हणजे सारे ठीक' हा समज त्यांपैकी एक होता.

म्हणून महत्त्वाच्या ठिकाणी झोपताना गजर लावून झोपतात. थ्रेड सांगतो, "हाक आली तर उठवाच, पण नाही आली, तरी ३० सेकंदांनी मला उठवा." उठल्यावर तो अट तपासतो आणि हाक देणारा जिवंत आहे ना, याचीही चौकशी करतो. हे पोलिंग नव्हे. कारण काम हाकेवरच चालते, गजर फक्त संकटापुरता.

वर्गात करून पाहा

एक डबा, काही खडू आणि तीन विद्यार्थी घ्या. पहिला मिलवाला, दुसरा भट्टीवाला, तिसरा मोजणारा. मिलवाल्याला गुणाकाराची २० उदाहरणे द्या. भट्टीवाल्याने आपल्या मर्जीने, अधूनमधून डब्यात एक खडू टाकावा. असे ५ खडू. पहिल्या खेपेस मिलवाल्याने सारखे "आला का?" असे विचारत राहावे. मोजणाऱ्याने प्रश्न मोजावेत. दुसऱ्या खेपेस मिलवाल्याने उदाहरणे सोडवत बसावे आणि भट्टीवाल्याने खडू टाकल्यावर त्याच्या खांद्यावर हात ठेवावा. दोन्ही खेपांत किती उदाहरणे सुटली, ते फळ्यावर लिहा.

तिसऱ्या खेपेस मिलवाल्याने डबा पाहून जागेवर परत जावे, आणि तो चालत असतानाच भट्टीवाल्याने खडू टाकून रिकाम्या बाकावर टिचकी मारावी. मिलवाला जागेवर बसून कशाची वाट पाहतो ते सर्वांनी पाहावे. हरवलेली हाक एकदा अशी डोळ्यांनी पाहिली, की जन्मात विसरत नाही.

आता हे प्रश्न सोडवा:

१. दर २ सेकंदांनी विचारणारा थ्रेड तासाला किती वेळा विचारेल? त्याला सरासरी किती उशीर होईल?
२. मिलवाल्याच्या आज्ञांत 'जोपर्यंत' ऐवजी 'जर' लिहिले आणि मिलवाले दोन असले, तर थप्पीत उणे बिलेटे कशी होतील, ते क्रमाने लिहा.
३. टाकी भरणारा माणूस पाणी भरतो, पण हाक द्यायला विसरतो. भट्टीवाला मात्र नेमाने हाक देतो. मिल कधी सुरू होईल, कधी होणार नाही?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना एक नियम तुमच्या हाती लागेल: अट बदलण्याचे सामर्थ्य ज्याच्या ज्याच्या हाती आहे, त्या प्रत्येकाने हाक दिलीच पाहिजे. वाट पाहणाऱ्याची झोप त्याच्या एकट्याची नसते. ती त्याला उठवणाऱ्यांच्या जबाबदारीवर चालते. पुढच्या वेळी नव्या सळयांनी भरलेला ट्रक रस्त्यावरून जाताना दिसला, की भट्टी आणि मिल यांच्यामधील त्या थप्पीची आठवण ठेवा.